भरल्या घरातील फिकट बालके

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात देवगडच्या बाजारपेठेला उसंत नसते. हापूसच्या पेट्या भरून गाड्या वाशीकडे निघतात. सुतळी, खोकी, पेंढा, खत, किराणा, कापड अशा सगळ्याच दुकानांवर गर्दी असते आणि घरातील कर्ती माणसे दुपारचे जेवण कसेबसे उरकतात. अशा गडबडीत एखाद्या व्यापारी कुटुंबातील दोन वर्षांची नात मागील दारी जांभ्या दगडाच्या गडग्याशी बसून लाल माती चाटत असते, आणि ही गोष्ट प्रथम लक्षात येते ती भांडी घासायला आलेल्या बाईच्या. "वैनी, चेडू माती खाता," असे ती दोनदा सांगते. घरात ते कोणी मनावर घेत नाही. लहान मुले माती खातातच, हिचा बापही खायचा, असे म्हणून आजी नातीचे तोंड पुसते आणि तिच्या हाती दुधाचा पेला देते.

पुढे आठ-पंधरा दिवसांनी तापाच्या निमित्ताने मुलीला डॉक्टरांकडे नेले जाते. डॉक्टर तिची खालची पापणी ओढून पाहतात, तिचा तळहात तिच्या आईच्या तळहाताशेजारी धरून पाहतात आणि रक्त तपासायला सांगतात. हिमोग्लोबिन ७.८ येते. पाच वर्षांखालील मुलांत ते दर डेसिलिटरला ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय समजावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अनेक वर्षांचा दंडक आहे. २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या बालकांसाठी तेवढी ही मर्यादा १०.५ करण्यात आली. कोणत्याही मापाने ७.८ हा आकडा काळजी करण्याजोगाच आहे. पण घरात काळजीच्या आधी उमटतो तो अविश्वास, आणि त्यात थोडा अपमानही मिसळलेला असतो. "आमच्या घरात खाण्यापिण्याची काय वाण आहे? दिवसाला तीन-तीन पेले दूध पिते ती!" आजींच्या या वाक्याच्या उत्तरार्धातच दुखण्याचे मूळ आहे, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानीमनी नसते.

हे चित्र कोणा एका विशिष्ट घराचे नाही. थोड्याफार फरकाने ते मालवणला, कणकवलीला, सांगली-कोल्हापूरच्या पेठांत आणि मुंबईच्या उपनगरांतही आढळते. रक्त कमी असणे हे दारिद्र्याचे लक्षण, ही समजूत इतकी पक्की आहे की सधन घरातील गोऱ्यापान, गुटगुटीत बाळाचा फिकेपणा हा 'नाजूकपणा' किंवा 'उजळ वर्ण' म्हणून कौतुकाचाच विषय होतो.

आकडे मात्र वेगळे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ५३.८ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ६८.९ टक्क्यांवर गेले. संपूर्ण देशाचा आकडा ६७.१ टक्के होता. म्हणजे सधन समजले जाणारे आपले राज्य देशाच्या सरासरीहूनही किंचित मागेच राहिले. संपत्तीच्या उतरंडीत सर्वांत वरच्या पंचमांशात मोडणाऱ्या कुटुंबांतही निम्म्याहून अधिक बालके या यादीत होती. या सर्वेक्षणात बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबावर तपासणी झाली आणि त्यामुळे आकडा फुगला, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे व ती अगदीच निराधार नाही. शिरेतून रक्त घेऊन २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या बालकांतील रक्तक्षयाचे प्रमाण ४१ टक्के भरले. परंतु याच अधिक काटेकोर पाहणीत एक विलक्षण गोष्ट पुढे आली. शरीरात साठवलेल्या लोहाची मोजणी केली असता लोहाची कमतरता खेड्यांपेक्षा शहरांत अधिक आणि गरिबांपेक्षा सधन घरांत अधिक दिसली. गरिबाच्या मुलाचे रक्त कमी होण्यामागे वारंवारचे आजार, जंत, अपुरे अन्न अशी अनेक कारणे एकत्र येतात. श्रीमंताच्या मुलाचे रक्त कमी होते तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण ठळकपणे उभे असते: लोहच पोटात जात नाही.

देवगडच्या संदर्भात हे जरा गमतीचे वाटावे. ज्या जांभ्या दगडावर आणि लाल मातीवर हे गाव वसले आहे, त्या मातीचा तांबडा रंग लोहाचाच. याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्यातील रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. पण मातीतील हे लोह गंजाच्या स्वरूपात असते आणि मनुष्याच्या आतड्यात ते जवळजवळ शोषलेच जात नाही. उलट माती पोटात गेली की अन्नातील लोहही तिला चिकटून वाया जाते आणि सोबत जंतांची अंडी येतात ती वेगळीच. मग मूल माती का खाते? चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील पाचवा मृत्तिकाभक्षणाने होणारा. आधुनिक वैद्यक याच जोडीकडे दुसऱ्या टोकाने पाहते: लोह कमी झालेल्या मुलाला माती, खडू, भिंतीचा पापुद्रा, पाटीवरची पेन्सिल, क्वचित बर्फ खाण्याची विचित्र ओढ लागते. उपचार सुरू झाल्यावर ही ओढ पुष्कळदा काही दिवसांतच मावळते. तेव्हा माती खाणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी त्याच्या पापणीच्या आतला रंग पाहावा. रडता रडता श्वास कोंडून निळे पडणाऱ्या मुलांतही लोहाची कमतरता अनेकदा सापडते. अशा मुलांची दृष्ट काढण्यात घरोघरी बराच काळ निघून जातो.

लोहाचा हिशेब व्यापारी घराला समजावयास अवघड नाही. पूर्ण दिवसांचे बाळ जन्माला येते ते सुमारे २५० मिलिग्रॅम लोहाची आरंभीची शिल्लक घेऊन. ही शिल्लक मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून जमा होते. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आणि स्वतः रक्तक्षय असलेल्या आईच्या बाळाचे खाते तुटीतच उघडते. प्रसूतीनंतर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबल्यास वारेतील बरेचसे रक्त बाळाला मिळते आणि काही महिने पुरेल इतके लोह त्यातून जमा होते. खर्च काहीच नाही, फक्त थोडा धीर लागतो. ही शिल्लक साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह थोडे असले तरी ते उत्तम पचते, त्यामुळे तोवर काम भागते. त्यानंतर मात्र बाळ वेगाने वाढत असते, वर्षअखेरीस त्याचे वजन जन्माच्या तिप्पट झालेले असते, त्या प्रमाणात रक्तही वाढावे लागते, आणि नवी आवक केवळ वरच्या अन्नातूनच होऊ शकते.

नेमक्या याच वेळी सधन घरात बाळाच्या ताटात काय येते? दूध-भात, रव्याची खीर, दुधात कुस्करलेली बिस्किटे, दुधात शिजवलेले बाजारी पीठ आणि वर बाटलीने पाजलेले दूध. सारे अन्न पांढरे. आपल्या समाजात दूध हे केवळ पेय नाही. मांस-मत्स्य-अंडी वर्ज्य असलेल्या घरात दूध-तूप हेच सामर्थ्याचे, सात्त्विकतेचे आणि ऐश्वर्याचे प्रतीक आहे. घरात दूधदुभते असणे म्हणजे घर भरलेले असणे. त्यामुळे मुलाला दूध कमी द्या, असे सांगणारा माणूस आजींना जवळजवळ पाखंडी वाटतो.

तरीही दुधाची खतावणी एकदा मांडून पाहिली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या बालकाला दिवसाला सुमारे १००० कॅलरी ऊर्जा आणि ८ मिलिग्रॅम लोह लागते. अडीचशे मिलिलिटरचे तीन पेले म्हशीचे दूध दिले तर त्यातून साडेसातशेहून अधिक कॅलरी मिळतात. साखर आणि चॉकलेटची पूड घातली तर आणखी. म्हणजे दिवसाची पाऊण भूक दुधानेच भागली. आणि त्या तीन पेल्यांत लोह किती? दीड मिलिग्रॅमही नाही. उरलेल्या पाव भुकेत बाकीचे सारे लोह बसवणे अशक्यच. एवढ्यावर हे थांबत नाही. दुधातील कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन, दोन्ही जेवणातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. वर्षाच्या आतील बाळाला गाई-म्हशीचे दूध मुख्य अन्न म्हणून दिले तर काहींच्या आतड्यांतून डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्राव होत राहतो, म्हणजे आवक नाहीच, वर गळती. चॉकलेटच्या पुडीच्या डब्यावर लोहाचा उल्लेख असतो खरा, पण दुधाबरोबरच पोटात गेल्याने त्याचाही पुरता लाभ होत नाही.

यातून एक दुष्टचक्र सुरू होते. लोह कमी झाले की मुलाची भूक मंदावते. मूल वरण-भाताला, भाजी-भाकरीला तोंड फिरवते. आईचा जीव कासावीस होतो आणि 'निदान पोटात काहीतरी जाऊ दे' म्हणून ती आणखी एक पेला दूध देते. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या अनेक घरांत लहान मुलाला तेवढी मोकळीक असते आणि ती मोकळीक म्हणजे झोपतानाचा दुधाचा पेला. संध्याकाळी पाचला मूल नीट जेवले नाही तरी चालते, कारण रात्री दूध आहे, हे मुलालाही लवकरच कळते. असे मूल वाळत नाही, हीच खरी अडचण. दुधाच्या ऊर्जेवर त्याचे वजन भरते, गाल फुगीर राहतात, आणि ते आजारी आहे असे कोणाला वाटतच नाही.

आईवडील डॉक्टरांना विचारतात तो प्रश्न मात्र निराळाच असतो: आम्ही कंदमुळे खात नाही, बीट-गाजर देत नाही, त्यामुळे तर हे झाले नाही ना? शेजारी-पाजारीही हेच सुचवतात. या शंकेला स्पष्ट उत्तर आहे. नाही. बिटाचा लाल रंग हा त्यातील रंगद्रव्याचा असतो, लोहाचा नव्हे. शंभर ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमही लोह नसते. बटाटा, गाजर यांचीही गोष्ट तीच. डाळिंबाचे लालभडक दाणेही लोहाच्या बाबतीत बिटाहून दरिद्री आहेत. पण रंगावरून गुण ठरवण्याची सवय अशी की सधन घरात मुलाला रोज डाळिंबाचा रस पाजला जातो आणि रक्त वाढत नाही म्हणून आश्चर्य केले जाते. शाकाहार हेही मूळ कारण म्हणता येणार नाही. वनस्पतींतील लोह शंभरात पाच-दहा हिश्शांहून अधिक शोषले जात नाही, ही मर्यादा खरी. पण ते लोह ताटात असावे तर लागते. शंभर ग्रॅम सड्या तांदळात ते पाऊण मिलिग्रॅमही नसते, मैद्यात पावणेदोनच्या आसपास असते; उलट नाचणीत साडेचारच्या आसपास, हरभऱ्यात साडेसहा ते सात, मटकीत आठच्या जवळपास आणि कुळथात साडेआठांहून अधिक. कुळथाची पिठी ही तर मालवणी मुलखातील रोजची गोष्ट. ज्या घरात ती कामाच्या बाईच्या डब्यात असते पण नातीच्या वाटीत नसते, त्या घरात लोह कोठून येणार?

कडधान्यांना मोड आणा, हा सल्ला सगळ्या आहारपत्रकांत छापलेला असतो. अनेक जैन घरांत मोड आलेले धान्य अनंतकाय म्हणून वर्ज्य असते, आणि मग ते पत्रकच बाजूला ठेवले जाते. तसे करण्याचे कारण नाही. सकाळी भिजत घातलेले कडधान्य ते पाणी ओतून देऊन दुपारी शिजवले, किंवा भाजून त्याचे पीठ केले, तरी लोहाला बांधून ठेवणारे त्यातील घटक काही अंशी कमी होतात. त्याहून मोठा लाभ लिंबाचा. क जीवनसत्त्व वनस्पतिजन्य लोहाचे शोषण अनेक पटींनी वाढवू शकते. मात्र उष्णतेने ते नष्ट होते, म्हणून लिंबू पिळायचे ते भांडे चुलीवरून उतरल्यावर. आवळा, कैरी यांचाही असाच उपयोग. चातुर्मासात पालेभाज्या बंद असतात तेव्हा तर कडधान्य आणि लिंबू ही जोडीच घराची आधार ठरते. हापूसमध्येही क जीवनसत्त्व असते, आणि जेवणासोबत खाल्लेली आंब्याची फोड लोहाला साह्य करते. तोच आंबा दुधात कालवून दिला की साह्य करणारा आणि अडवणारा एकाच पेल्यात येतात. येथे द्विदलाच्या जुन्या नियमाची आठवण होते. डाळीच्या पदार्थांत कच्चे दूध, दही, ताक मिसळू नये हा नियम जीवदयेचा आहे, पोषणशास्त्राचा नाही. तरी डाळीचे ताट आणि दुभते एकमेकांपासून दूर ठेवणे लोहाच्या दृष्टीनेही सोयीचेच पडते. नियम पाळणाऱ्या घरात जेवण संपताच दुधाचा पेला पुढे येतो, तेथे मात्र ही सोय वाया जाते.

चहाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. खारी-बटर चहात बुडवून दीड-दोन वर्षांच्या मुलाला भरवणे ही कोकणातील सर्व थरांतील रीत आहे आणि चहातील टॅनिन लोहाला घट्ट बांधून टाकते. मुलांना चहा नको. मोठ्यांनीही जेवणानंतर तासभर थांबावे. भांड्यांचा विषय थोडा रोचक आहे. घावने-आंबोळ्यांचा बिडाचा तवा आणि भाजीची लोखंडी कढई अनेक सुधारलेल्या स्वयंपाकघरांतून माळ्यावर गेली, त्यांच्या जागी न चिकटणारी भांडी आली. इथिओपियात मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्यांपेक्षा अधिक वाढलेले दिसले. आंबट पदार्थ लोखंडी कढईत काळा पडतो म्हणून गृहिणी नाक मुरडतात. तो काळेपणा म्हणजेच अन्नात उतरलेले लोह.

लोहाखेरीज दुसरी एक उणीव शाकाहारी घरांच्या विशेष माहितीची असली पाहिजे, ती ब-१२ जीवनसत्त्वाची. या बाबतीत महाराष्ट्राने मोलाचे काम केले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी होते, शाकाहारींत त्याचा धोका कित्येक पट होता, आणि तिन्ही गटांत सर्वाधिक उणीव आढळली ती शहरी मध्यमवर्गात. त्याच संस्थेने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवतींचा जो दीर्घ अभ्यास हाती घेतला, त्यातही सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी सापडले. आईचेच खाते रिकामे असेल तर तिच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला ते कोठून मिळणार? याचे टोकाचे रूप भारतीय बालरोगतज्ज्ञ १९५० च्या दशकापासून पाहत आले आहेत. सहा महिने ते दीड वर्षाचे, दिसायला गुबगुबीत, केवळ अंगावर पिणारे बाळ हळूहळू फिकट होते, बोटांच्या पेरांवर काळसरपणा येतो, केस विरळ होतात. जे बाळ हसत होते ते हसेनासे होते, धरलेली मान सोडते, आणि काहींचे हातपाय थरथरू लागतात. अशा बाळाला नुसते लोह देऊन भागत नाही. त्याला ब-१२ द्यावे लागते, आणि ते वेळीच द्यावे लागते.

शाकाहारात ब-१२ चा विश्वसनीय स्रोत दूधच. म्हणजे जे दूध अति झाल्याने लोह हिरावते तेच योग्य मापात आवश्यकही आहे. वर्षानंतरच्या बालकाला दिवसाला दोन लहान पेले, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर, पुरे. त्यातून त्याची ब-१२ ची गरज बऱ्याच अंशी भागते आणि भुकेला जागा उरते. ५०० च्या पुढे जाऊ नये. पण घरातील दुधाची वाटणी पाहिली तर नातवंडांना तीन-तीन पेले, सासऱ्यांना दही, पाहुण्यांना बासुंदी आणि अंगावर पाजणाऱ्या सुनेच्या वाट्याला केवळ चहातले दूध, अशी स्थिती अनेक सधन घरांत आढळते. गर्भारपणी व प्रसूतीनंतर तिची ब-१२ ची तपासणी व्हावी. या जीवनसत्त्वाची औषधे सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होतात, प्राण्यांपासून नव्हे. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते, म्हणून आक्षेप असल्यास गोळी किंवा द्रवरूप मागावे. लोहाचे क्षार खनिजजन्य असतात. तरीही बाटलीवरील घटक वाचून घेण्याची सवय चांगली.

सरकारी यंत्रणेपासून दूर राहणे हेही सधन घरातील रक्तक्षयाचे एक कारण आहे, आणि त्याचा उच्चार सहसा होत नाही. पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाची राष्ट्रीय योजना १९७० पासून चालू आहे. २०१८ मधील 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमानुसार सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक बालकाला आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहयुक्त औषध देण्याची तरतूद आहे. प्रत्येक बालकाला, त्यात उत्पन्नाची अट नाही. आशाताई ते औषध घेऊन पलीकडच्या वाडीत जातात, बंगल्याच्या फाटकातून आत येत नाहीत, कारण 'आम्हांला अंगणवाडीचे नको' हे उत्तर त्यांनी आधी ऐकलेले असते. खासगी डॉक्टरांकडे जाणे होते ते ताप-खोकल्यापुरते. परिणामी मजुराच्या मुलाला जे मिळते ते मालकाच्या मुलाला मिळत नाही. जंतनाशक गोळीचेही तसेच. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधील जंतनाशक दिनी ती एक ते एकोणीस वर्षांच्या सर्वांसाठी असते, आणि सुट्टीत बागेत अनवाणी हिंडणारी शहरातील नातवंडे त्याला अपवाद नाहीत.

औषध महिनाभर नीट देऊनही रक्त वाढत नसेल तर डॉक्टर थॅलॅसेमियाच्या वाहकत्वाची तपासणी सांगतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. वाहक निरोगीच असतो, फक्त त्याच्या रक्तपेशी लहान असतात आणि लोह देऊन त्या मोठ्या होत नाहीत. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही व्यापारी समाजांत हे प्रमाण अधिक असल्याचे सर्वज्ञात आहे. समाजातल्या समाजात विवाह करणाऱ्या सर्वांनीच ही तपासणी विवाहापूर्वी करून घेणे हिताचे, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला गंभीर थॅलॅसेमियाचा धोका चारांत एक असतो.

लोहाची उणीव केवळ गालांच्या रंगापुरती असती तर एवढी चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची बांधणी चाललेली असते आणि तिला लोह लागते. बेट्सी लोझॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोस्टा रिकातील मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. ही मुले कुपोषित नव्हती. बाल्यावस्थेत ज्यांना मध्यम स्वरूपाचा लोहाभावी रक्तक्षय झाला होता ती मुले पाच वर्षांची झाली तेव्हा, उपचाराने त्यांचे रक्त कधीच सुधारलेले असूनही, बौद्धिक व कारक कसोट्यांत सोबत्यांपेक्षा मागे आढळली. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्ताची भरपाई महिन्यांत होते, त्या वर्षांची होतेच असे नाही. म्हणून नऊ महिने ते एक वर्ष वयाच्या सुमारास एकदा आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा एकदा रक्त तपासून घ्यावे, मूल कितीही गुटगुटीत दिसो.

देवगडच्या त्या घरात डॉक्टरांनी वजनाच्या प्रमाणात लोहाचे औषध लिहून दिले. ते दुधाबरोबर नको, दोन जेवणांच्या मध्ये लिंबाच्या पाण्याबरोबर द्यायचे. शौचाचा रंग काळा होईल, त्याला भ्यायचे नाही. आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी उंच ठेवायची, कारण अधिक प्रमाणात लोह हे लहान मुलाला विषासारखे आहे. हे सारे घरच्यांनी निमूट ऐकले. दुधाचा विषय निघाला तेव्हा मात्र आजी म्हणाल्या, "डॉक्टर, लेकराच्या तोंडचं दूध तोडायला सांगता?"

"तोडायला नाही आजी, मापायला सांगतो," डॉक्टर म्हणाले. "दोन पेले राहू द्या. तिसऱ्याच्या जागी तिला भूक लागू द्या."

पहिले चार दिवस घरात रडारड झाली. पाचव्या दिवशी मुलीने कुळथाची पिठी आणि मऊ भात, वर लिंबाचे चार थेंब, अशी वाटी अर्धी संपवली. दुसऱ्या आठवड्यानंतर ती गडग्याकडे फिरकली नाही. माळ्यावरचा बिडाचा तवा आजींनीच उतरवायला लावला. महिन्याने हिमोग्लोबिन ९.४ झाले, तिसऱ्या महिन्यात ११.६, तरी डॉक्टरांनी साठा भरण्यासाठी औषध आणखी दोन महिने लिहिले. त्याच दिवशी मुलीच्या आईचा अहवालही आला होता. तिचे ब-१२ बरेच कमी निघाले. तिला गोळ्या सुरू झाल्या, आणि नातीचा वाचलेला तिसरा पेला आजी आता रोज सकाळी सुनेसमोर ठेवतात व तो संपेपर्यंत तेथून हलत नाहीत.